राखड बंधारा

औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख पाण्यात कालवून साठवण्यासाठी मातीचे बांध घालून केलेला तलाव. विदर्भात कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूरच्या आसपासच्या गावांना तो ‘ॲश बंड’ म्हणून परिचित आहे.

महानगरांच्या प्रदूषणाचा हिशेब शहराच्या हद्दीत मांडला जातो. ही राख त्यात येत नाही. चंद्रपूर केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. तिथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची, १,५०० मेगावॉट वाहून नेणारी डीसी (एकदिश प्रवाहाची) वीजवाहिनी १९९९ पासून आहे. वीज पडघ्याला पोचते, राख इथेच उरते. देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते, म्हणजे युनिटमागे साधारण पाव किलो.

यातला पाचवा हिस्सा भट्टीच्या तळाशी पडतो. बाकीची बारीक राख धुराड्याआधीच्या ईएसपी या, विजेच्या भाराने धूळ पकडणाऱ्या यंत्रात अडकते. सिमेंट आणि विटांसाठी कोरडी उचलली न गेलेली राख पाण्यासोबत पाइपने बंधाऱ्यात सोडतात. ती खाली बसते आणि वरचे निवळ पाणी निकास विहिरीतून परत केंद्राकडे जाते. तलाव भरला की बसलेल्या राखेवरच पुढचा बांध चढवतात, आणि धोका सुरू होतो तो इथून. पाण्याने गच्च भरलेली राख वरून घट्ट दिसते, पण आधार सुटला की चिखलासारखी वाहू लागते. म्हणून पाइपची तोंडे बांधाच्या कडेने फिरवत राखेचा रुंद पट्टा तयार करायचा आणि पाणी बांधापासून दूर, निकासाकडे ठेवायचे, हा खरा नियम. एकाच तोंडातून महिनोन्‌महिने सोडत राहिले, किंवा निकास विहीर तुंबली, की पाणी बांधाला टेकते. मग आषाढातल्या एका जोरदार पावसाचे निमित्त पुरते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील बंधारा अतिवृष्टीत फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व नदीनाल्यांत शिरले.

बांधाच्या पायथ्याशी पाझर असतोच. तो स्वच्छ आणि एकसारखा असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पाझर गढूळ झाला, अचानक वाढला किंवा नवी ओल दिसली, तर आतून माती वाहून चालली आहे असे समजावे आणि केंद्राला व तहसीलला लगेच कळवावे. उंदीर-घुशींच्या बिळांतून आणि बांधावर वाढलेल्या झाडांच्या मुळांलगत पाण्याला वाट मिळते.

उन्हाळ्यात त्रास उलटा. वाळलेला थर वाऱ्याने उडतो आणि भाजीच्या पानांवर, कडब्यावर बसतो. पाणी शिंपडणे हा तात्पुरता इलाज. वापरात नसलेल्या भागावर मातीचा थर देऊन गवत लावले तरच धूळ थांबते. तळाला अस्तर नसेल तर बोरॉन, सल्फेट, कधी आर्सेनिकही विहिरींत झिरपू शकते. नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या चाचणीत बोरॉन बहुधा नसतो, तो वेगळा मागावा लागतो. नमुना पावसाळ्याआधी आणि नंतर, त्याच विहिरीचा घ्यावा.

राखेच्या वापराची पहिली केंद्रीय अधिसूचना सप्टेंबर १९९९ ची. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने शंभर टक्के वापर बंधनकारक करून जुन्या साठ्यालाही मुदत घातली. तेव्हापासून बंधारे उकरून राख रस्त्यांच्या भरावाला जाते. ओली न करता, ताडपत्री न बांधता निघालेला ट्रक मात्र तीच धूळ वाटेतल्या गावांना वाटत जातो.