खाणदाव्याची हद्द आखणे

सरकारी जमिनीत खनिज सापडल्यावर ते काढण्याचा हक्क मिळवण्यासाठी शोधकर्ता जागेवर खुंट्या रोवतो, चतुःसीमा आखतो आणि तिची सरकारदरबारी नोंद करतो. अशा हक्काच्या तुकड्याला खाणदावा किंवा ‘क्लेम’ म्हणतात. ही पद्धत अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत आणि कॅनडात रुजली. अमेरिकेत दावेदाराला खनिजावर आणि ते काढण्यापुरत्या वापरावर हक्क मिळतो, जमीन मात्र सरकारचीच राहते.

२४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शलला कॅलिफोर्नियात सोने दिसले आणि माणसांची रीघ लागली. तेव्हा तिथे खाणीचा कायदाच नव्हता. प्रत्येक छावणीने सभा भरवून आपापले नियम केले: एकाला किती जागा, किती दिवस काम बंद राहिले तर हक्क जातो, तंटा कोण मिटवणार. खड्ड्यात ठेवलेले कुदळ-फावडे म्हणजे ‘ही जागा घेतली आहे’ अशी खूण मानली जाई. पुढे १८६६ आणि १८७० च्या कायद्यांनी याच रूढींना मान्यता दिली आणि १० मे १८७२ रोजी अमेरिकेचा सर्वसाधारण खाण कायदा झाला. दीडशे वर्षांनंतरही तोच लागू आहे. त्याची मुख्य अट एका वाक्यात मावते: दाव्याची हद्द जमिनीवर इतकी स्पष्ट दाखवलेली हवी की ती सहज शोधून काढता यावी. मोजमाप, नकाशा, नोंदवही हे सगळे या अटीमागून येते. खुंटी रोवायची ती नंतर येणाऱ्या अनोळखी माणसाला दिसावी म्हणून, आणि बहुतेक तंटे हे विसरल्याने होतात.

आखणीआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. जमीन दाव्यासाठी खुली आहे का, ही पहिली. राष्ट्रीय उद्याने, राखीव क्षेत्रे किंवा आधीच कोणाचा चालू दावा असलेली जागा घेता येत नाही. दुसरी गोष्ट प्रत्यक्ष शोधाची. खनिज सापडलेच नसेल, तर चारही कोपरे कितीही नेटके रोवले तरी दावा कायद्याने पक्का होत नाही.

दाव्याचे मुख्य प्रकार दोन. नदीच्या वाळूत किंवा गाळात खनिज विखुरलेले असेल, तर तो प्लेसर दावा. एका माणसाला जास्तीत जास्त २० एकर मिळतात, आठ जणांनी मिळून घेतल्यास १६० पर्यंत. जिथे सरकारी भूमापन झालेले असते तिथे त्याच्या चौकटीला धरून तो घ्यायचा असल्याने आखणी तुलनेने सोपी जाते. खडकातून जाणाऱ्या धातूच्या शिरेवरचा तो लोड दावा. त्याची लांबी शिरेच्या दिशेने १,५०० फूट आणि रुंदी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ३०० फूट, म्हणजे क्षेत्रफळ २० एकरांहून थोडे जास्त. ही कमाल मर्यादा आहे.

लोड दाव्याची आखणी शिरेच्या दृश्यांशापासून, म्हणजे ती जमिनीवर उघडी पडते तिथून सुरू होते. सापडल्या जागी दगडांची रास रचतात किंवा खांब रोवतात आणि त्यावर सूचनापत्र लावतात. दाव्याचे नाव, दावेदाराचे नाव, तारीख, शिरेच्या दिशेने कोणीकडे किती फूट, हे त्यात येते. पाऊस-उन्हात कागद टिकावा म्हणून तो डबीत किंवा बाटलीत घालून खांबाला बांधतात. मग होकायंत्राने शिरेची दिशा धरून मध्यरेषा काढायची, दोन्ही टोके ठरवायची, तिथून ३०० फूट बाजूला जाऊन कोपरे गाठायचे. खांब किती उंच, दगडांची रास किती, बाजूंच्या मध्यावर आणखी खुणा हव्यात का, हे त्या त्या राज्याचा कायदा सांगतो. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवते, म्हणून चुंबकीय दिक्पात, म्हणजे तिचा खऱ्या उत्तरेपासूनचा कोन, हिशेबात न धरता लिहिलेल्या दिशा नकाशावर भलतीकडे जातात.

सर्वांत जास्त चूक होते ती उतारावर. दाव्याची लांबी सपाटीवरच्या अंतराने धरतात, टेप मात्र डोंगराच्या अंगावरून खाली येतो. समजा उतार ३० अंशांचा आहे आणि जमिनीलगत बरोबर १,५०० फूट मोजले. सपाटीवर ते भरते जेमतेम १,३०० फूट. दोनशे फूट हातचे गेले. म्हणून अनुभवी माणूस थोड्या थोड्या अंतराचे टप्पे करतो, टेप आडवा ताणतो आणि वरच्या टोकाखाली ओळंबा सोडतो. काम कंटाळवाणे असते, पण दुसरा खात्रीचा उपाय उतारमापकाने कोन घेऊन हिशेब करण्याचा.

अशा चुकांतून दोन दाव्यांमध्ये उरणाऱ्या चिंचोळ्या पट्टीला ‘फ्रॅक्शन’ म्हणतात. कॅनडातील क्लोंडाइकच्या बोनान्झा ओढ्यावर ऑगस्ट १८९६ मध्ये सोने मिळाले. पहिला तो ‘डिस्कव्हरी’ दावा, त्याच्या वर-खाली ‘एक वर’, ‘एक खाली’ असे क्रमांक पडत गेले. प्रत्येकाला ओढ्याच्या दिशेने ५०० फूट. घाईत अनेकांनी त्याहून जास्त घेतले. सरकारी भूमापक विल्यम ओगिल्व्हीने नीट मोजणी केली, तेव्हा वाढीव तुकडे मोकळे झाले. त्याच्याच मोजणीत साखळी धरणाऱ्या डिक लो याने शंभर फुटांहूनही अरुंद असा एक तुकडा आपल्या नावे केला. आधी तो विकायला निघाला होता, पण गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे त्याच पट्टीतून लाखो डॉलरचे सोने निघाले.

लोड दाव्याच्या आडव्या टोकरेषा एकमेकींना समांतर असाव्यात, हा नियम वरवर क्षुल्लक वाटतो. त्यामागे मोठा हक्क आहे: शिरेचा माथा ज्याच्या दाव्यात, त्याला ती तिरकी उतरत शेजाऱ्याच्या जमिनीखाली गेली तरी तिचा पाठलाग करता येतो. तो पाठलाग टोकरेषा उभ्या प्रतलात खाली वाढवून त्यांच्या आतच करायचा असतो. मोंटानातील ब्यूट येथे खाणमालक ऑगस्टस हाइन्झ याने याच नियमाच्या आधारे मोठ्या तांबेकंपन्यांशी वर्षानुवर्षे खटले लढवले.

अमेरिकेत आखणीनंतर ९० दिवसांच्या आत भूमी व्यवस्थापन विभागाकडे नोंद करावी लागते. ही सक्ती १९७६ च्या कायद्याने आली. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, दप्तरातली नोंद वेगळी. पुढे दर वर्षी १ सप्टेंबरपर्यंत शुल्क भरायचे, किंवा मोजके दावे असलेल्या लहान खाणवाल्याने सवलत मागून प्रत्यक्ष काम दाखवायचे. तारीख चुकली की दावा गेला. कागदावरचे वर्णन आणि जमिनीवरची खूण जुळली नाही, तर सामान्यतः खूण खरी धरतात. म्हणूनच पडलेला खांब वेळीच उभा करण्याला मोल आहे.

आता हातातल्या उपग्रह-यंत्राने कोपरे पटकन सापडतात. मात्र निर्देशांकांसोबत ते कोणत्या भू-आधारावर, म्हणजे मोजणीच्या कोणत्या मूळ चौकटीवर घेतले, हे लिहायलाच हवे. १९२७ चा आणि १९८३ चा उत्तर अमेरिकी आधार यांत पश्चिमेकडे शंभर मीटरपर्यंत फरक पडतो. खांबाच्या जागी स्वस्त, पोकळ पीव्हीसी नळ्या रोवण्याची पद्धतही बरीच चालली. तिचा त्रास पक्ष्यांना झाला. घरट्यासाठी बीळ शोधणारा निळा पक्षी उघड्या तोंडातून आत उतरतो, आतली भिंत गुळगुळीत, पंख पसरायला जागा नाही, आणि तो आतच मरतो. एकेका नळीत असे अनेक सांगाडे सापडले आहेत. नेवाडा राज्याने अशा नळ्यांवर बंदी घातली आणि नोव्हेंबर २०११ पासून त्या उपटून आडव्या टाकण्याची मुभा कोणालाही दिली.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात २००५ पासून आणि ओंटारियोत २०१८ पासून खुंट्याच लागत नाहीत. संगणकावरच्या नकाशातले चौकोन निवडले की दावा नोंदला जातो. जमिनीवर पाऊल न ठेवता मिळणाऱ्या या हक्काविरुद्ध गिटखाला या आदिवासी राष्ट्राने न्यायालयात दाद मागितली. २०२३ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दावा देण्याआधी तिथल्या आदिवासी राष्ट्रांशी सल्लामसलत करणे सरकारचे कर्तव्य आहे. त्यानुसार २०२५ च्या मार्चपासून त्या प्रांतात नकाशावर चौकोन निवडल्यावरही आधी सल्लामसलत होते, मगच दाव्याचा निर्णय होतो.