जर्मनी-फ्रान्स-स्वित्झर्लंड-इटली-ऑस्ट्रिया स्वतः गाडी चालवत: व्हिसा, आयडीपी आणि भाड्याच्या गाडीचे कागद

ही ट्रिप करायची म्हटलं की आपल्याकडे लोक आधी गाडी बघतात, मग हॉटेलं, आणि व्हिसा सगळ्यात शेवटी. माझं म्हणणं उलटं आहे, आधी कागदावर रात्री मोजा. कुठल्या देशात किती रात्री मुक्काम आहे ते ठरलं की व्हिसा कुठे मागायचा, गाडी कुठून घ्यायची, कुठे सोडायची हे बरंचसं आपोआप ठरतं.

उदाहरण म्हणून हा रूट घ्या: फ्रँकफर्टला उतरून गाडी घ्यायची, ब्लॅक फॉरेस्टमधून बी ५०० या रस्त्याने खाली यायचं, ऱ्हाईन ओलांडून फ्रान्सच्या आल्सासमध्ये कोलमारजवळ द्राक्षमळ्यांच्या गावात राहायचं, बासलवरून ल्युसर्न, पुढे फुर्का पास (आल्प्समधला घाट), मग कोमो लेक, तिथून स्टेल्व्हिओ पास, आणि इन्सब्रुकवरून म्युनिक. समजा रात्री अशा पडल्या: जर्मनी ३, फ्रान्स २, स्वित्झर्लंड ४, इटली २, ऑस्ट्रिया १. तर विमान जर्मनीत उतरत असलं तरी अर्ज स्वित्झर्लंडकडे करायचा, कारण शेंगेनचा (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचा) नियमच असा आहे की जिथे जास्त दिवस तिथे अर्ज. दोन देशांत सारखेच दिवस असतील तरच पहिल्यांदा ज्या देशातून आत शिरता तो देश धरतात. बरेच जण अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करतात आणि हॉटेल बुकिंग काहीतरी वेगळंच सांगत असतं, रिजेक्शन ओढवून घ्यायचं असेल तर ह्याहून सोपा रस्ता नाही.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, म्हणून १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही, वर व्हीएफएसचा (व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी कंपनी) सर्व्हिस चार्ज वेगळा. व्हीएफएसमध्ये स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी दिलेले असतील तर सहसा परत मागत नाहीत.

कागद: सही केलेला फॉर्म, ३५ बाय ४५ मिमीचे फोटो, पासपोर्ट (गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा, २ पानं कोरी), बँक स्टेटमेंट, आयटीआर, नोकरी असेल तर सॅलरी स्लिपा आणि ऑफिसचं रजेचं पत्र, धंदा असेल तर त्याची नोंदणी, विमानाचं बुकिंग, आणि किमान ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स, तोही पूर्ण शेंगेनसाठी आणि प्रवासाचे सगळे दिवस धरून. सेल्फ ड्राइव्हवाल्यांनी ह्यात दोन गोष्टी जास्तीच्या घालाव्यात असं मला मनापासून वाटतं, गाडीच्या बुकिंगचा कागद आणि दिवसवार तक्ता, म्हणजे तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, रात्री कुठलं हॉटेल. कारण आपल्याकडे ट्रेनची तिकिटं नसतात, मग हा माणूस एका देशातून दुसऱ्यात जाणार कसा हे तपासणाऱ्याला कळायला दुसरा काही पुरावाच नसतो.

आता आयडीपी, म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. हे आपल्या आरटीओकडून मिळतं, सरकारच्या सारथी पोर्टलवर महाराष्ट्र निवडून लायसन्सच्या सेवांमध्ये अर्ज करायचा, फॉर्म ४ए, फी १००० रुपये, मुदत १ वर्ष. चालू लायसन्स आणि पासपोर्ट लागतोच, व्हिसा आणि तिकिटाची कॉपीही मागू शकतात म्हणून जवळ ठेवा. आयडीपी हे वेगळं लायसन्स नाही, ते मूळ लायसन्ससोबतच चालतं, त्यामुळे प्लॅस्टिकचं कार्ड घरी विसरलात तर नुसत्या पुस्तिकेचा उपयोग शून्य. इटलीत पोलिसांनी थांबवलं तर आयडीपी किंवा अधिकृत भाषांतर दाखवावंच लागतं. दहा मिनिटांत ‘इंटरनॅशनल लायसन्स’ देणाऱ्या वेबसाइट्सच्या नादी अजिबात लागू नका, त्या कागदाला किंमत नाही.

सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो तर नावात. लायसन्सवर मधे वडलांचं नाव, पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यात, क्रेडिट कार्डावर नुसती आद्याक्षरं, आणि बायकांच्या बाबतीत तर लायसन्स माहेरच्या नावाचं आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा. माझ्या बायकोचं असंच होतं, काउंटरवर तिला दुसरी ड्रायव्हर म्हणून घेतलंच नाही आणि मग सगळे घाट मी एकट्याने चालवले, दोघांचीही दमछाक झाली. आयडीपीवर नाव लायसन्सप्रमाणेच येतं, तेव्हा आधी लायसन्सवरचं नाव बदलून घ्या आणि मगच आयडीपीचा अर्ज करा.

भाड्याच्या गाडीसाठी मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड पाहिजे, डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी डिपॉझिटला चालत नाही. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंगमध्येच तसं निवडा, नाहीतर मॅन्युअल मिळते. कुठल्या कुठल्या देशांत गाडी नेणार ते बुकिंग करताना सगळं सांगायचं आणि करारावर लिहून घ्यायचं, काही कंपन्या महागड्या गाड्या इटलीत नेऊ देत नाहीत, आणि न सांगता नेली तर इन्शुरन्स लागू होत नाही. फ्रँकफर्टला घेऊन म्युनिकला सोडली तर देश एकच राहतो, एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडायचे पैसे भरपूर लागतात.

टोलचं प्रत्येक देशाचं वेगळं आहे. जर्मनीत कारला टोल नाही. फ्रान्स आणि इटलीत बऱ्याचशा मोटरवेवर तिकीट घेऊन अंतराप्रमाणे पैसे. स्वित्झर्लंडच्या मोटरवेला विन्येट (आगाऊ भरायचा टोल) लागतं, ४० फ्रँक, एक दिवस जा नाहीतर वर्षभर, किंमत तीच, ते नसेल तर २०० फ्रँक दंड आणि विन्येटचे पैसे वेगळे. ऑगस्ट २०२३ पासून ते ऑनलाइनही मिळतं पण गाडीच्या नंबरवर असतं, म्हणजे गाडी हातात आल्यावरच घेता येतं, आणि सरकारी पोर्टलवरूनच घ्या, मधले लोक जास्त पैसे लावतात. ऑस्ट्रियाचं विन्येट वेगळं, १ दिवसाचंही मिळतं. इटलीत जुन्या शहरांमध्ये झेडटीएल म्हणून भाग असतात, तिथे बाहेरच्या गाडीला बंदी, कॅमेरा फोटो काढतो आणि दंड कित्येक महिन्यांनी कंपनीमार्फत घरी येतो, म्हणून हॉटेल घेताना पार्किंग झेडटीएलच्या बाहेर आहे का ते विचाराच.

शेंगेनच्या आत एका देशातून दुसऱ्यात गेलात तर ती नवीन एंट्री धरत नाहीत, सिंगल एंट्री व्हिसावर हा पूर्ण रूट होतो. तरी पासपोर्ट हाताशी पाहिजे, जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी परत सुरू केली. आणि स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असलं तरी युरोपियन युनियनमध्ये नाही, तिथे कस्टम्स आहे, माणशी १ किलोच्या वर मांस नेलं तर ड्युटी भरावी लागते, आणि २०२५ पासून माणशी १५० फ्रँकच्या वर सामान असेल तर कर भरावा लागतो.

तारखांचं मात्र अर्ज करायच्या आधीच बघा. आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी ह्या घाटांना जुळत नाही, स्टेल्व्हिओ २७५७ मीटरवर आणि फुर्का २४२९ मीटरवर, मेमध्ये बहुतेक वेळा बर्फाने बंदच असतात, जूनपासून मोकळे होतात आणि ऑक्टोबरनंतर परत बंद. मुलांची शाळा नसेल तर गणपती झाल्यावर सप्टेंबरमध्ये जावं, आणि त्यासाठी व्हिसाची फाइल जूनमध्ये तयार पाहिजे.