कोणतं ‘कोर्ट’? तेंडुलकरांचं की ताम्हाणेंचं?

कोर्टावरच्या मराठी सिनेमांचा विषय निघाला की एक गल्लत हमखास होते. एकजण म्हणतो, ‘कोर्ट’ काय ताकदीचा आहे! दुसरा म्हणतो, हो ना, सुलभाताईंनी बेणारे काय उभी केली आहे! दोघांचंही बरोबर असतं, पण दोघं वेगवेगळ्या सिनेमांबद्दल बोलत असतात. मला हे दोन्ही सिनेमे फार जवळचे आहेत, म्हणून ते नीट वेगळे करून मांडावेसे वाटले.

आधी ओळख. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे विजय तेंडुलकरांचं नाटक १९६७ सालचं. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेनं ते केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये त्याचा सिनेमा केला. बेणारे पुन्हा सुलभाताईच, कॅमेरा गोविंद निहलानी यांचा, आणि अमोल पालेकर पहिल्यांदा पडद्यावर दिसले ते इथेच. ‘कोर्ट’ हा चैतन्य ताम्हाणे यांचा पहिलाच चित्रपट. २०१४ मध्ये तो व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, एप्रिल २०१५ मध्ये आपल्याकडे लागला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि भारतातर्फे ऑस्करसाठीही तोच गेला. त्याचा तेंडुलकरांच्या नाटकाशी कथेचा काहीही संबंध नाही.

तेंडुलकरांचं कोर्ट खरं कोर्टच नाही. मुंबईतली एक हौशी मंडळी गावोगाव अभिरूप न्यायालयाचे प्रयोग करते. एका गावात रात्री प्रयोग आहे. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांवरून खटला चालवायचा आहे. दुपारचा वेळ मोकळा, आणि सामंत नावाच्या गावकऱ्याला ऐनवेळी साक्षीदार म्हणून उभं करायचंय. त्याला कोर्ट कसं चालतं ते कळावं म्हणून एक खोटा खटला चालवून बघू, असं ठरतं. आरोपी म्हणून निवडली जाते मंडळातली शिक्षिका, लीला बेणारे. आरोप भ्रूणहत्येचा. ती अविवाहित आहे आणि खरोखरच गरोदर आहे, हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात येतं. मग खेळ कुणालाच थांबवायचा नसतो.

या खटल्यात कायद्याचा एकूण एक नियम मोडला जातो आणि तेंडुलकरांनी ते फार विचारपूर्वक रचलंय. वकिली न चाललेले सुखात्मे सरकारी वकीलही तेच आणि बचावाचे वकीलही तेच. न्यायाधीश काशीकर खुर्चीवरून उठतात आणि स्वतःच साक्ष देतात. स्वतःपुढच्या खटल्यात साक्षीदार झालेला न्यायाधीश कोणत्याही कायद्याला चालणार नाही. सामंताला काही ठाऊकच नसतं, तर तो हातातल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो, आणि ती साक्ष मंडळींना पटते. आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही, ही हमी आपल्या संविधानाच्या कलम २० मध्ये आहे. इथे बेणारेच्या गप्प राहण्याचाच तिच्याविरुद्ध पुरावा होतो. खोलीची कडी बाहेरून अडकलेली असते, त्यामुळे तिला निघूनही जाता येत नाही. आणि मंडळातलेच, पण न आलेले प्रा. दामले, ज्यांच्यापासून हे मूल आहे, त्यांची खुर्ची रिकामी. त्यांच्यावर खटला चालवावा असं एकालाही वाटत नाही.

शेवटी बाजू मांडायला तिला दहा सेकंद मिळतात. तिचं ते गाजलेलं स्वगत त्या दहा सेकंदांत, तिच्या मनात घडतं. समोरच्यांना त्यातला एक शब्द ऐकू जात नाही. मराठी रंगभूमीवर स्वगताचा याहून निर्दय वापर मी पाहिलेला नाही. निकाल लागतो तो असा, की पोटातलं मूल नष्ट करण्यात यावं. ज्या गुन्ह्याचा आरोप होता, तोच शिक्षा म्हणून सुनावला जातो. गर्भपाताला काही कारणांसाठी परवानगी देणारा कायदा संसदेनं १९७१ मध्ये केला, म्हणजे सिनेमा आला त्याच वर्षी. नाटक लिहिलं गेलं तेव्हा, आईचा जीव वाचवण्यासाठी केलेला सोडून, गर्भपात हा दंडसंहितेनुसार गुन्हाच होता. बेणारेच्या मानेवर काय टांगलेलं आहे ते हे माहीत असलं की जास्त कळतं.

ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये सगळं उलट दिशेनं येतं. हे मुंबईतलं खरं सत्र न्यायालय आहे. पंखे, फायली, बाकावर ताटकळलेली माणसं. नारायण कांबळे हा वयस्कर लोकशाहीर, त्याला कार्यक्रम चालू असताना मंचावरून अटक होते. आरोप असा, की त्यानं गायलेल्या गाण्यामुळे वासुदेव पवार या गटारात उतरणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली. आत्महत्येस प्रवृत्त करणं, म्हणजे भारतीय दंडसंहितेचं कलम ३०६, दहा वर्षांपर्यंत कैद. (१ जुलै २०२४ पासून हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ मध्ये आहे.)

इथे कुणीही नियम मोडत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बचावाचा वकील वेगळा आहे, तळमळीचा आहे. न्यायाधीश सदावर्ते दोन्ही बाजू ऐकतात, नोंदी सांगून टाइप करून घेतात, तारखा देतात. एका बाईचे कपडे बिनबाह्यांचे म्हणून तिचं प्रकरण पुढे ढकलतात, तेही नियमावर बोट ठेवून. सरकारी वकील नूतन कलमं वाचून दाखवते, ती दुष्ट नाही. गीतांजली कुलकर्णी यांनी ही बाई इतकी ओळखीची केली आहे की लोकलमध्ये आपल्या शेजारी बसली असेल असं वाटतं: मुलाला घेऊन घरी, स्वयंपाक, नवऱ्याचं पथ्य, रविवारी नाटक. कुणालाही कांबळेचा राग नाही, आणि तरी तो आत.

मग वासुदेवची बायको शर्मिला साक्षीला येते आणि खटल्याचा पायाच निखळतो. नवऱ्याला मास्क नव्हता, काही सामान मिळत नव्हतं. झुरळं दिसली तर आत हवा आहे असं समजून तो उतरायचा. वायूनं त्याचा एक डोळा गेला होता. वास सहन व्हावा म्हणून तो पिऊन जायचा. आत्महत्येचं कधी बोलला नाही. उषा बने हे सगळं आवाज न चढवता सांगतात. माझ्या दृष्टीनं मराठी सिनेमातली ही सर्वांत मोठी साक्ष आहे, कारण खरा गुन्हा तिथे पहिल्यांदा कानावर पडतो. पण कोर्टापुढे तो गुन्हा आलेलाच नसतो. कांबळेला जामीन मिळतो, आणि पुढे यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली पुन्हा अटक होते, ज्यात जामीन मिळणं कितीतरी कठीण. निकाल सिनेमा दाखवतच नाही. तोवर शिक्षा भोगणं चालूच असतं.

दोन्ही सिनेमे संथ आहेत म्हणून एकाच खणात ठेवले जातात, पण पाहताना लक्ष वेगळीकडे द्यावं लागतं. ‘शांतता!’मध्ये चेहऱ्यांकडे बघा, बेणारे रडकुंडीला येते तेव्हा बाकीच्यांना होणारा आनंद बघा. ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा लांब उभा असतो, तिथे पुढच्या खटल्याची वाट पाहत बसलेल्यांकडे बघा. आणि कांबळेची गाणी लक्ष देऊन ऐका. संगीत संभाजी भगत यांचं आहे, आणि कांबळे झालेले वीरा साथीदार स्वतः नागपूरचे चळवळीतले कार्यकर्ते होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनानं ते गेले.

दोन्ही पाहिले नसतील तर ‘शांतता!’ आधी पहा, म्हणजे ‘कोर्ट’मधला नाटकाचा प्रसंग वेगळा दिसेल. नूतन कुटुंबासह एक विनोदी नाटक बघायला जाते, ते परप्रांतीयांची टर उडवणारं असतं. प्रेक्षागृह टाळ्या वाजवतं. ज्या प्रेक्षकांना तेंडुलकरांनी १९६७ मध्ये बेणारेसमोर बसवलं होतं, त्यांच्याकडे ताम्हाणे कॅमेरा वळवतात, आणि त्यांच्यातच सरकारी वकील बसलेली असते.