टाकीतला सेंडर आणि समोरचा काटा : ही जोडी जुळवावी का लागते

1938 साली आलेल्या पायपर जे-3 कब विमानात इंधनाचं गेज म्हणजे बुचाचा एक तुकडा आणि त्यात खोचलेली तार. टाकी काचेच्या लगेच पुढे. झाकणातल्या भोकातून तार वर डोकावायची, पेट्रोल संपत आलं की खाली जायची. मोजणारा आणि दाखवणारा भाग एकच, त्यामुळे जुळवायचं काही नव्हतं. घरच्या शेडमध्ये विमानं बांधणाऱ्या अमेरिकेतल्या हौशी मंडळींची एक्सपरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन 1953 साली स्थापन झाली. त्यांच्यातल्या अनेकांनी हीच युक्ती वापरली.

टाक्या पंखांत गेल्या तेव्हा विजेवर चालणारं गेज लागू लागलं, आणि ते स्वस्तात मिळायचं मोटारीच्या सुट्या भागांत. अशा गेजचा टाकीत बसणारा, पातळी मोजणारा भाग म्हणजे सेंडर. त्यात दांड्याच्या टोकाला तरंगणारा फ्लोट असतो. तो वरखाली झाला की विजेला होणारा रोध बदलतो (तो ओहममध्ये मोजतात) आणि समोरचा काटा हलतो. पण किती ओहम म्हणजे टाकी रिकामी, यावर मोटारवाल्यांचं एकमत नव्हतं. स्ट्यूअर्ट-वॉर्नर कंपनीच्या पद्धतीत रिकामी टाकी 240 ओहम, भरलेली 33. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत रिकामी 0, भरलेली 90. युरोपात व्हीडीओ कंपनीच्या पद्धतीत रिकामी 10, भरलेली 180. पहिल्या पद्धतीचा सेंडर तिसऱ्या पद्धतीच्या गेजला जोडला, तर भरलेली टाकी जवळजवळ रिकामी दिसते आणि रिकामी टाकी भरलेली. मध्ये एखादा रेझिस्टर घालून एक टोक ओढूनताणून जुळवता येतं; उलटी दिशा सुलटी होत नाही.

माझ्या मते यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तुटलेल्या वायरीचा आहे. वायर तुटली की रोध अनंत होतो. 240 ते 33 च्या जोडीत तेव्हा काटा 'रिकामी'वर पडतो. वैमानिक दचकतो, पण विमान खाली उतरवतो. 0 ते 90 मध्ये तोच काटा 'भरलेली'च्याही पलीकडे जातो. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ढकलता येते, आकाशात विमान नाही. म्हणून निवड करताना किमतीआधी हे पाहावं. 1973 साली सुरू झालेल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीच्या, घरी जोडायच्या आरव्ही विमानांच्या किटमध्ये स्ट्यूअर्ट-वॉर्नरचे सेंडर रुळले. तिथेही पंख टोकाकडे किंचित वर उचललेले असल्यामुळे फ्लोट टाकीच्या छताला आधीच टेकतो, आणि वरचे काही गॅलन त्याला कळतच नाहीत.

12 ऑक्टोबर 1997 ला गायक जॉन डेन्व्हर यांचं लाँग-ईझी हे हौशी बांधणीचं विमान कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात कोसळलं. या विमानात सेंडर नव्हतेच. पारदर्शक दर्शकातून इंधनाची पातळी दिसायची. पण ते दर्शक वैमानिकाच्या पाठीमागे होते, आणि त्यांच्यावर खुणा नव्हत्या. टाकी बदलण्याचा व्हॉल्व्हही मूळ आराखड्यातली जागा सोडून डाव्या खांद्यामागे बसवलेला, तोही खुणेविना. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने कारणांमध्ये या गोष्टी स्पष्ट नोंदवल्या. गेज कितीही साधं असलं, तरी त्या टाकीत प्रत्यक्ष इंधन ओतून खुणा करायलाच हव्यात, हे मला या अपघाताइतकं दुसऱ्या कशाने पटलं नाही.

पुढे डिजिटल पडदे आले आणि जुळवणीचं काम त्यांच्याकडे गेलं. शेपटीखाली चाक असलेलं विमान असेल तर शेपटी उचलून ते उड्डाणाच्या स्थितीत ठेवायचं, टाकी पूर्ण रिकामी करायची, मग दोन-दोन गॅलन ओतत प्रत्येक वेळी वाचन नोंदवायचं. पडदा त्यावरून स्वतःचा तक्ता बनवतो. सेंडर कुठल्या पद्धतीचा, हा प्रश्न बराचसा मागे पडला.

कपॅसिटिव्ह सेन्सरमुळे मात्र नवा प्रश्न आला. यात एकात एक घातलेल्या दोन नळ्या असतात आणि त्यांच्यामधल्या इंधनानुसार विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते. हलणारं, झिजणारं काही नाही. पण ही क्षमता मधल्या पदार्थामुळे किती पट वाढते, हे सांगणारा हवेचा परावैद्युतांक 1, पेट्रोलचा सुमारे 2 आणि इथेनॉलचा 24 च्या आसपास. आपल्याकडच्या पंपांवर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलवर जुळवलेल्या सेन्सरच्या टाकीत असं मिश्रण भरलं, तर गेज आहे त्यापेक्षा जास्त इंधन दाखवतं.