विरघळलेलं गाळता येत नाही

पुण्याच्या कडेला बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये नवीन घरात राहायला गेलं की काही महिन्यांत त्याच तक्रारी ऐकू येतात. तोट्यांवर पांढरं साचतं, शॉवरची भोकं बुजतात, गिझर पाणी तापवताना कुरकुरतो, साबणाला फेस येत नाही, कुकरच्या चार शिट्ट्या होऊनही तुरीच्या डाळीचा दाणा तसाच राहतो. मग ‘पूर्ण घरालाच फिल्टर बसवून टाकू’ असं ठरतं. माणूस येतो, टाकीच्या लाइनवर दोन उभी भांडी जोडून जातो, आणि थोड्याच दिवसांत तोट्या पुन्हा पांढऱ्या. घरच्यांना वाटतं आपण फसलो. पुष्कळदा फिल्टर उत्तम चालू असतो, फक्त त्याचं काम वेगळं असतं.

फिल्टर अडवतो ते पाण्यात तरंगणारे कण: माती, वाळू, गंज, शेवाळ. घरगुती गाळाच्या फिल्टरचं कार्ट्रिज साधारण पाच मायक्रॉनपर्यंत लहान कण धरतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तोटी पांढरी करणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मात्र पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं. त्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, एका नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान, आणि एका मायक्रॉनमध्ये हजार नॅनोमीटर. चहातली साखर गाळणीत अडकत नाही, तसंच हे. गाळणी कितीही महाग घेतली तरी.

हे कॅल्शियम येतं कुठून? आपल्या पायाखालच्या काळ्या खडकातून. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि बेसाल्टमधल्या खनिजांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवून घेतं. मातीखाली चुनखडीचा थर असेल तर आणखी भर. खोल बोअरचं पाणी खडकाच्या सहवासात बराच काळ राहिलेलं असतं, म्हणून ते सहसा जास्त दुष्फेन, म्हणजे साबणाला फेस न येऊ देणारं. उलट पानशेत, वरसगाव, खडकवासल्याचं पाणी सह्याद्रीवर पडून थोड्याच वेळात धरणात उतरतं. मुंबईचं तानसा, वैतरणा, भातसाचं पाणीही असंच मऊ. ज्यांच्याकडे बारा महिने असं धरणाचं पाणी येतं त्यांनी सॉफ्टनरवर, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या यंत्रावर, एक रुपयाही घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गिझरलाच आधी का त्रास होतो, याचं कारण बायकार्बोनेटमध्ये आहे. पाणी तापलं की विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर बसतं. मेकॅनिकने गिझर उघडला की आत अंड्याच्या कवचासारखे पापुद्रे निघतात. त्यातला एक घेऊन त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर ते कार्बोनेटच. हा थर उष्णता अडवतो, कॉइल आतल्या आत तापत राहते आणि शेवटी जळते. डाळीचं कारण वेगळं. डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनच्या साखळ्या कॅल्शियम एकमेकींना बांधून टाकतं, त्यामुळे दाणा सुटत नाही. खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकली की डाळ शिजते, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. एखाद्या विहिरीचं पाणी कसं आहे हे बायका डाळीवरून सांगत, आणि ती परीक्षा रसायनाच्या दृष्टीनेही पक्की होती.

सॉफ्टनर गाळत नाही, अदलाबदल करतो. त्याच्या टाकीत रेझिनचे बारीक पिवळसर मणी असतात आणि त्यांच्यावर सोडियमचे आयन बसलेले असतात. दुष्फेन पाणी मण्यांमधून गेलं की कॅल्शियम, मॅग्नेशियम मण्यांना चिकटतं आणि त्या बदल्यात सोडियम पाण्यात उतरतं. सोडियमची कवचं बसत नाहीत आणि ते साबणाशी साकाही करत नाही. मणी भरले की त्यांवरून मिठाचं दाट पाणी सोडायचं. सोडियमच्या गर्दीपुढे कॅल्शियमला जागा सोडावी लागते आणि मणी पुन्हा तयार होतात. ही अदलाबदल १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे यांनी शेतातल्या मातीत पाहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी कृत्रिम झिओलाइट वापरून पाणी मऊ करण्याची पद्धत काढली. झिओलाइट म्हणजे आपल्याच दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारे सुंदर स्फटिक, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेमागे ठेवलेले. ज्या खडकामुळे आपलं पाणी दुष्फेन होतं, त्याच खडकाच्या पोटात पाणी मऊ करणाऱ्या खनिजाचा हा नमुना आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता हिशेब, कारण दुकानात तो कोणी मांडत नाही. चार माणसांचं घर, माणशी दिवसाला १३५ लिटर, म्हणजे ५४० लिटर. पाण्याचं काठिण्य, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजून, लिटरला ५०० मिलिग्रॅम असेल तर रोज २७० ग्रॅम काठिण्य काढायचं आहे. रेझिन लिटरमागे साधारण ५० ग्रॅम धरतं. २५ लिटर रेझिनचा सॉफ्टनर म्हणजे १,२५० ग्रॅम, साडेचार दिवसांचं काम. मग दर वेळी तीनेक किलो मीठ आणि धुण्यासाठी शंभर-दोनशे लिटर पाणी. महिन्याला वीस किलोच्या आसपास मीठ लागतं. एवढं मीठ आणून टाकायची तयारी नसेल तर सॉफ्टनर घेऊन उपयोग नाही, तो नुसता पाण्याच्या वाटेत उभा राहील.

हेच गणित नळाला लावायच्या छोट्या ‘हार्ड वॉटर फिल्टर’ला लावून बघा. त्यात पावशेराच्या आतबाहेर रेझिन असेल असं धरू. २०० मिलिलिटरला १० ग्रॅम. तेच ५०० काठिण्याचं पाणी असेल तर २० लिटरमध्ये ते संपलं, म्हणजे आंघोळीची एक बादली. त्यापुढे सहा महिने ते शोभेला. मिठाशिवाय चालणारा सॉफ्टनर किंवा पाइपला लावायचं चुंबक विकणारे कॅल्शियम कुठे जातं हे सांगत नाहीत. ते कुठेही जात नाही, पाण्यातच राहतं.

अजून एका गोष्टीवरून घराघरांत भांडणं होतात: टीडीएस मीटर. सॉफ्टनर बसवल्यावर कोणीतरी मीटर बुडवतं, आकडा तोच दिसतो, किंबहुना थोडा वाढलेला, आणि यंत्र बंद पडल्याचा निष्कर्ष निघतो. मीटर पाण्यातले एकूण क्षार मोजतो. सॉफ्टनर क्षार कमी करत नाही, एकाच्या जागी दुसरा ठेवतो. ४० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या जागी ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं, मग आकडा घटणार कसा? तपासायचं असेल तर काठिण्याचं थेंबांचं किट घ्या. रंग लालसरवरून निळा व्हायला किती थेंब लागले ते मोजायचं. किंवा बाटलीत थोडं पाणी घेऊन साबणाचे काही थेंब टाका आणि हलवा. आरओच्या पाण्याची तशीच बाटली शेजारी ठेवा. सॉफ्टनर चालत असेल तर दोन्हींत फेस सारखा, नसेल तर फरक डोळ्यांना दिसतो.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर सॉफ्टनरचा विचारच चुकीचा. तिथे पाणी मुळात खारट आहे, त्यात आणखी सोडियम घालून काय साधणार? यवतमाळ, चंद्रपूरकडच्या फ्लोराइडलाही सॉफ्टनर हात लावत नाही, नायट्रेटलाही नाही. हे ऋणभारित आयन आहेत आणि मणी फक्त धनभारित आयनांची अदलाबदल करतात.

मग फिल्टर कधी? पाणी गढूळ येत असेल, टँकरच्या पाण्यात रेती असेल, किंवा लोह असेल तेव्हा. कोकणातल्या जांभ्या जमिनीत लोहाची तक्रार जुनीच आहे. उपसताना पाणी स्वच्छ दिसतं, बादलीत तासभर राहिलं की तांबूस होतं, कारण विरघळलेलं लोह हवेतला ऑक्सिजन घेऊन गंज बनतं. त्यासाठी लोह काढणारा वेगळा फिल्टर मिळतो. लोहाचं पाणी सरळ सॉफ्टनरमध्ये सोडलं तर मण्यांवर गंजाचा लेप बसतो आणि मीठ कितीही घातलं तरी तो उतरत नाही. म्हणून दोन्ही लागत असतील तर फिल्टर आधी, सॉफ्टनर नंतर. कार्बन फिल्टर क्लोरीनचा वास घालवतो, पण मी तो पूर्ण घराच्या लाइनवर सुचवणार नाही. क्लोरीन गेलं की गच्चीवरच्या टाकीपासून नळापर्यंत जंतूंना मोकळं रान मिळतं. तो स्वयंपाकघरातच ठीक.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी दाबही बघावा. टाकी डोक्यावर तीन मीटर असेल तर दाब फक्त ०.३ बार मिळतो. फिल्टर आणि सॉफ्टनर यांतून पाणी ढकलायला तो बहुधा पुरत नाही, प्रेशर पंप लागतो आणि त्याचं बिल वेगळं.

या सगळ्याआधी पाणी तपासून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा असते, खासगीही पुष्कळ आहेत. काठिण्य, टीडीएस, लोह, फ्लोराइड, नायट्रेट एवढं तरी मागा, आणि नमुना एप्रिल-मेमध्ये घ्या. ऑगस्टमधला बोअर पावसाने पातळ झालेला असतो. आयएस १०५०० या भारतीय मानकात काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. २०० च्या आत असाल तर सॉफ्टनर नको. त्यावर असाल तरी काठिण्य शून्यावर आणू नका. थोडं कच्चं पाणी बायपासने मिसळून शंभराच्या आसपास ठेवलं तर मीठही वाचतं आणि अंगावरचा साबण निघतच नाही असं वाटणंही टळतं. काठिण्यामुळे प्रकृती बिघडते असं मानून जागतिक आरोग्य संघटनेने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. पिण्याचा नळ मात्र सॉफ्टनरच्या आधीच काढून घ्यावा, विशेषतः घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर. ५०० काठिण्य काढताना लिटरला सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम वाढतं.

राहिलं मण्यांवरून आलेलं खारं पाणी. ते बागेत किंवा शोषखड्ड्यात सोडू नका. सोडियमने काळ्या मातीचे कण सुटे होतात, जमीन चोपण होते आणि पाणी मुरेनासं होतं. शेतकरी अशा जमिनीत जिप्सम टाकतात, म्हणजे कॅल्शियम घालून सोडियम हुसकावतात, सॉफ्टनरच्या नेमकं उलट. सोसायटीतल्या पुनर्भरण खड्ड्यात हे पाणी गेलं तर ते तुमच्याच बोअरमध्ये परत येईल. प्लंबरला त्याची लाइन सांडपाण्याच्या पाइपला जोडायला आधीच सांगून ठेवा.