खरकट्यापासून इंधन : नेमकं अडलंय कुठं?

पंपावरच्या पेट्रोलमधे 20 टक्के इथेनॉल यायला लागल्यापासून एक प्रश्न आपल्याकडं बरेच जण विचारायलेत, की ऊस कशाला पाहिजे, मंगल कार्यालयातला उरलेला भात आणि मोंढ्यातलं (धान्य बाजारातलं) सडकं धान्य वापरून का नाही बनवत? प्रश्न बरोबरच आहे. पण उत्तर शोधायला गेलं तर कळतं की शास्त्राचा भाग बराच आधी उरकलाय, घोडं अडलंय ते दुसरीकडंच.

सुरुवात 1833 ची. फ्रान्समधे पायां आणि पर्सो या दोघांनी मोड आलेल्या बार्लीतून एक पदार्थ वेगळा काढला, जो स्टार्चची (धान्यातल्या पिठूळ भागाची) साखर करतो. त्याचं नाव डायास्टेज. वेगळं काढलेलं हे पहिलं एन्झाइम, म्हणजे सजीवांत तयार होणारा आणि असे बदल झटपट घडवणारा पदार्थ. पुढं पाश्चरनं दाखवलं की साखरेची दारू होते ती जिवंत यीस्टमुळं, आणि 1897 मधे बुखनरनं यीस्ट वाटून नुसता रस काढला, त्यात जिवंत पेशी नाही तरी साखर फसफसायला लागली, याच्यावर त्याला 1907 चं नोबेल मिळालं. मधल्या काळात 1894 ला ताकामिने नावाच्या जपानी माणसानं अमेरिकेत पेटंट घेतलं, जपानी लोक भातावर जी कोजी बुरशी वाढवतात तिच्यापासून स्टार्च फोडणारं एन्झाइम काढायचं. म्हणजे शिळ्या भाताचं इथेनॉल करायला जे दोन कामगार लागतात, एक स्टार्च फोडणारा आणि एक साखर आंबवणारा, ते दोघंही सव्वाशे वर्षांपूर्वीच कामावर हजर होते.

पहिल्या महायुद्धात गंमत झाली. इंग्लंडला दारूगोळ्यासाठी अ‍ॅसिटोन पाहिजे होतं आणि ते पुरेना. तेव्हा खाइम वाइझमन (हेच पुढं इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले) यांनी क्लॉस्ट्रिडियम जातीचा एक जंतू हाताशी धरला, जो स्टार्च थेट खातो आणि अ‍ॅसिटोन, ब्युटेनॉल, इथेनॉल असं तिन्ही देतो. धान्याची टंचाई झाली तर 1917 मधे शाळेतल्या पोरांना जंगली चेस्टनटची फळं गोळा करायला लावली, जी माणूस खात नाही. गोळा भरपूर झाली, पण वाहतुकीचे वांधे झाले आणि बराच माल स्टेशनांवरच सडला. माझ्या मते या सगळ्या विषयाचा इतिहास या एका गोष्टीत येतो. यातलं ब्युटेनॉल इंधन म्हणून इथेनॉलपेक्षा सरस आहे, पण पुढं खनिज तेलापासून सगळं स्वस्तात मिळायला लागल्यावर हे कारखाने बंद पडले.

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू सडायला लागले. ते खाणारी बुरशी पकडून आणली, अमेरिकेतल्या नॅटिकच्या लष्करी प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि तंबू वाचवायला सुरू झालेलं संशोधन 1973 च्या तेल संकटानंतर उलटं फिरलं, म्हणजे आता कापूस, कागद, भुसा, टरफलं असलं सगळं सडवायचंच होतं. ट्रायकोडर्मा रीसेई हे तिचं आजचं नाव. भाजीचे देठ, फळांच्या साली यातलं सेल्युलोज (झाडांचा चिवट तंतुमय भाग) फोडणारी एन्झाइमं आजही मोठ्या प्रमाणात हिच्यापासूनच बनतात.

भारतात मात्र वेगळा रस्ता धरला. साखर कारखान्याची मळी ही तेव्हा डोकेदुखीच होती, म्हणून 1948 मधे पॉवर अल्कोहोलचा कायदा आला, की मळीपासून अल्कोहोल करा आणि पेट्रोलमधे घाला. (त्या साली सप्टेंबरपर्यंत आपण मराठवाड्यातले लोक निजामाच्या राज्यातच होतो.) म्हणजे इंधन टाकाऊपासून करायचं ही आयडिया मूळचीच आहे, पण मग मळीच्या मागं ऊस आला आणि मराठवाड्यात उसाच्या मागं पाण्याचा प्रश्न आला. 2016 मधे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठानं दारूच्या कारखान्यांचं पाणी 60 टक्के कापायला लावलं. डिसेंबर 2023 मधे पाऊस कमी म्हणून केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकदम बंदी घातली, ती नंतर सैल केली. ज्या भागात टँकर हा बारमाही विषय आहे तिथं उसावर इंधनाचा डोलारा उभा करणं मला तरी कधी पटलं नाही.

उसाला पर्याय शोधायचा प्रयत्न आपल्याकडंही झालाय. नांदेडला टाटा केमिकल्सनं गोड ज्वारीच्या रसापासून इथेनॉल करून पाहिलं, साधारण 2010 च्या आसपास. ज्वारी म्हणजे आपलंच पीक, पाणीही कमी लागतं. पण ताटं तोडली की रस एक-दोन दिवसात आंबायला लागतो, काढणीचा हंगाम थोडे आठवडे, बाकी वर्षभर प्लांटनं काय करायचं? ते काही फार चाललं नाही.

2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात खराब धान्य, तांदळाची कणी, सडके बटाटे यांच्यापासून इथेनॉल करायला परवानगी मिळाली. त्याच वर्षी एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) तळून काळं झालेलं तेल गोळा करून बायोडिझेल करायची मोहीम काढली, भजी-वड्याच्या गाड्यांवरचं तेल पोटात जाण्यापेक्षा ट्रकमधे गेलेलं बरं. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी तिथल्या डेपोवर येणाऱ्या औरंगाबादच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, शहरभर ढीग लागले, मार्चमधे मिटमिट्याला कचरा टाकायला विरोध होऊन दगडफेक झाली. कचराकोंडी म्हणतात ती हीच. त्यानंतर कुठं कचरा वेगळा करून प्रक्रिया करायचं मनावर घेतलं आणि कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा प्लांट आला.

इथं कोणी म्हणेल गॅसच का, पातळ इंधन का नाही? कारण ओल्या कचऱ्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. समजा टनभर खरकट्यात 100 किलो स्टार्च निघाला तर सगळं अगदी आदर्श झालं तरी 70 लिटरच्या आसपास इथेनॉल, आणि ते पातळ घोळातून डिस्टिलेशन करून (उकळून, वाफ थंड करून) काढायला इंधन जाळायचं. गॅस प्लांटमधल्या मिथेनचं तसं नाही, तो आपोआप बुडबुडे होऊन वर येतो आणि त्याला नाना जातींचे जंतू मिळून करतात, निर्जंतुक काही ठेवावं लागत नाही. इथेनॉलमधे मात्र यीस्टच्या आधी दह्यातल्यासारखे लॅक्टिक जंतू पोचले की साखर आंबटाईत गेली, वरून तेल-मीठ आहेच. म्हणून जिथं माल एकसारखा मिळतो तिथंच हे टिकलं. फिनलंडच्या एसटी वन कंपनीनं 2007 मधे लापेनरांताला सुरू केलेला प्लांट बेकरी आणि खाद्य कारखान्यांच्या उरलेल्या मालावर चालायचा, घराघरातल्या बादलीवर नाही. आपल्याकडं त्या जागी मोंढ्यातलं भिजलेलं धान्य, फरसाणचे कारखाने, दाल मिलची चुरी येऊ शकते, अर्थात जे जनावर खातंय ते आधी जनावरालाच जावं.

2021 मधे अमेरिकेतल्या एनआरईएल या सरकारी ऊर्जा प्रयोगशाळेच्या टीमनं मात्र वेगळीच दिशा दाखवली. त्यांनी कचरा गॅस होईपर्यंत जाऊच दिला नाही, मधेच थांबवला, जिथं नुसती आंबट आम्लं तयार झालेली असतात, आणि ती आम्लं पुढं कॅटॅलिस्टवरून (रासायनिक क्रिया वेगानं घडवणाऱ्या पदार्थावरून) नेऊन विमानाच्या इंधनासारखे हायड्रोकार्बन केले. नांदेडमधे ज्या आंबण्यानं रस बिघडायचा तसलंच आंबणं इथं मुद्दाम करून घेतात. यात यीस्टची लाड-कौतुकं नाहीत, मिश्र कचरा चालतो, आणि पहिला टप्पा गॅस प्लांटच्या टाकीसारखाच आहे. फक्त त्या टाकीत प्लास्टिकच्या पिशव्या आणि सॅनिटरी पॅड जाऊन चालत नाही, आणि ते वेगळं काढायचं काम आजही घंटागाडीवरच्या बाया हातानं करायलेत.