जुना शेवरलेट पिकअप घेतलाय? पाना हातात घ्यायच्या आधी हे वाचा

सगळ्यात आधी मनापासून अभिनंदन! गाडी बघितली, आवडली, रात्रभर झोप लागली नाही आणि सकाळी बयाणा देऊन टाकला, असंच झालं असणार, कारण आमच्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ जणांची गोष्ट हीच असते. गाडी ट्रेलरवरून उतरते, घरचे सगळे हार नारळ घेऊन उभे, चाकाखाली लिंबू, आणि मालक मात्र बॉनेटवरून हात फिरवत बसलेले. तो क्षण बघायला आम्हाला पण फार आवडतं. हा उत्साह टिकावा म्हणूनच हे माहितीपत्रक काढलंय, निवांत चहा घेत वाचा.

आम्ही कोल्हापुरात, उद्यमनगरात. कामं सगळ्या जुन्या गाड्यांची करतो, पण इथं 1947 ते 1955 च्या शेवरलेट पिकअपबद्दल लिहितोय, कारण सध्या विचारणा तिचीच जास्त आहे. पुढं पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, गोल बॉनेट, मागं लाकडी तळाचा हौदा. जाळी वेगळी दिसली तर गाडी 1954 ची किंवा त्यानंतरची समजा, त्या वर्षी ती बदलली. या गाड्या आपल्याकडं आल्या कशा, असं बरेच जण विचारतात. जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला होता, 1928 ला सुरू झाला, सुटे भाग जहाजानं यायचे आणि जोडणी इथं व्हायची. 1954 ला तो बंद पडला, कारण सरकारचं धोरण असं झालं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग पण इथंच बनवा. म्हणजे तुमच्या दारात उभी असलेली गाडी शिवडीतच जोडलेली असायची बरीच शक्यता आहे. आम्हाला ही गोष्ट फार जवळची वाटते.

आता आमचं मुख्य म्हणणं. गाडी पहिल्या महिन्यात उघडू नका. चालत असेल तर आधी सुरक्षित करा, चालवा, तिची सवय होऊ द्या, मग काय उघडायचं ते ठरवा.

हे आम्ही अनुभवानं शिकलोय. सुरुवातीच्या काळात एक गाडी आली, चांगली चालत आलेली, मालकांना वाटलं सगळं एकदम नवं करू, आम्हाला पण जोर चढला आणि आठ दिवसांत केबिन वेगळी, चॅसी वेगळी, इंजिन स्टँडवर. नटबोल्ट डब्यांत भरले पण डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या नाहीत, ही चूक पूर्ण आमची. काम तीन वर्षं लांबलं. मालकांचे वडील तरुणपणी असल्याच गाडीवर ड्रायव्हर होते, ते दर महिन्याला यायचे आणि एकच विचारायचे, "एक चक्कर कधी मारायची?" गाडी तयार झाली तोवर त्यांचे गुडघे गेले होते, फूटबोर्डावर पाय उचलेना, शेवटी दोघांनी धरून बसवलं. बसले, पण चालवता आली नाही. तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे, चालती गाडी आधी चालती ठेवायची आणि काम टप्प्याटप्प्यानं करायचं.

पहिलं काम ब्रेक

यात तडजोड नाही. चारही चाकांना ड्रम आहेत आणि मास्टर सिलिंडर एकच, पायाखालच्या फळीखाली. आजच्या गाडीसारखे दोन वेगळे सर्किट नाहीत, म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक गेले. गाडी दहा वर्षं शेडमध्ये उभी असेल तर रबर कडक झालेलेच असतात, पेडल घट्ट लागलं म्हणून फसू नका, पहिल्या दोन दिवसांत ठीक चालेल आणि तिसऱ्या दिवशी उतारावर पाय थेट तळाला जाईल. सगळी रबरं, सगळ्या होज, सगळं ऑइल बदलायचं, पाइप गंजला असेल तर पाइप पण. अजून एक, 1950 पर्यंतच्या गाडीचे ब्रेक वेगळ्या रचनेचे आहेत आणि 1951 पासूनचे वेगळे, त्यामुळं पार्ट मागवताना गाडीचं वर्ष नक्की करून घ्या, नाहीतर पार्सल आल्यावर डोक्याला हात लावायची वेळ येते.

ब्रेक झाले की टायर. अर्ध्या टनाच्या, म्हणजे तेवढा माल नेणाऱ्या गाडीला 6.00-16 साइज लागते आणि इथं मोठा धोका आहे तो नीट समजून घ्या. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायर पण 6.00-16 च असतो, स्वस्त असतो, कुठल्याही गावात मिळतो, म्हणून आधीच्या मालकानं तोच चढवलेला आम्ही कितीतरी गाड्यांवर बघितलाय. तो शेतातल्या सावकाश वेगासाठी असतो, हायवेच्या वेगासाठी नाही. टायरवर लांब सरळ उभ्या रेषा आणि बाजूला ट्रॅक्टरचा शिक्का दिसला तर त्याच दिवशी काढा. जीपसाठीचे याच साइजचे टायर बाजारात मिळतात, ते टाका.

वायरिंगबद्दल थोडं. मूळ गाडी 6 व्होल्टची आहे. सेल्फ मरगळल्यासारखा फिरतो म्हणून लोक 12 ची बॅटरी लावतात आणि मग बल्ब उडतात, मीटर जळतो. खरं कारण बहुतेक वेळा केबल असते. व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच ताकदीसाठी करंट दुप्पट, म्हणून केबल जाड लागते, आणि दुकानात मिळणारी आजच्या कारची बारीक केबल टाकली की ती गरम होते आणि सेल्फ दमतो. जाड केबल टाका, अर्थिंगची जागा घासून लख्ख करा. सेल्फ कसा उचलतो बघा मग. या गाडीला सेल्फचं बटण नाही, पायानं दाबायचा दट्ट्या आहे, पहिल्यांदा पाय टाकून इंजिन लागतं तेव्हा साठ वर्षांचा माणूस पण लहान मुलासारखा हसतो.

पेट्रोलची टाकी 1949 पासूनच्या मॉडेलमध्ये केबिनच्या आतच आहे, सीटच्या मागं. त्यामुळं आत पेट्रोलचा वास येत असेल तर "जुनी गाडी आहे, येणारच" असं म्हणू नका, गाडी बंद करा आणि आम्हाला फोन करा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांत त्यातलं काही बनतं याचा आनंद आहे, पण जुन्या रबराला ते सोसत नाही. पाइप फुगतात, पंपाचा पडदा जातो. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीच्या तळाला गंज. इथेनॉल सोसणारे पाइप आणि पडदा आम्ही पहिल्याच सर्व्हिसला टाकतो.

इंजिनाचा स्वभाव

1953 पर्यंतच्या गाडीचं मूळ इंजिन 216 क्यूबिक इंचाचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत. याची बेअरिंग व्हाइट मेटलची, म्हणजे मऊ मिश्रधातूची, आणि कनेक्टिंग रॉडला ऑइल आजच्यासारखं पूर्ण दाबानं जात नाही, रॉडच्या खाली चमच्यासारखा भाग असतो तो ऑइल उचलतो आणि उडवतो. म्हणून ऑइलच्या दाबाचा काटा खाली दिसतो, घाबरू नका, त्या इंजिनाची रचनाच तशी आहे. पण म्हणूनच ही गाडी पुणे बेंगळुरू हायवेवर 90 नं हाणायची नाही. मागच्या एक्सलचा गिअर रेशो 4.11 चा आहे, गाडी खालच्या वेगात ओढायला बनवलीय, ताशी 60 ला ती सुखात असते, त्या वेगातच चालवा, इंजिन वर्षानुवर्षं सोबत करेल. वेगानं पळवायचीच असेल तर 1954 पासूनचं 235 चं इंजिन आहे, त्यात ऑइल दाबानं जातं, पण बदलायच्या आधी खालचा कागदपत्रांचा भाग वाचा.

बऱ्याच गाड्यांत मूळ इंजिन नसतंच. पेट्रोल महागलं तेव्हा कितीतरी मालकांनी पर्किन्सचं डिझेल बसवलं, त्या माणसांना गाडीवर पोट चालवायचं होतं, त्यांना दोष देऊ नका. फक्त घेताना कळलं पाहिजे.

टायमिंगची, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडायची ते जुळवायची, एक गंमत सांगतो, ती आमच्या सगळ्या पोरांना आवडते. आजच्या इंजिनाला पुलीवर खूण असते, इथं फ्लायव्हीलमध्ये स्टीलचा एक छर्रा ठोकलेला असतो आणि हाऊसिंगला स्टार्टरजवळ छोटी खिडकी असते. सत्तर वर्षांच्या ग्रीस आणि काजळीखाली तो छर्रा दिसतच नाही. आम्ही रॉकेलच्या फडक्यानं पुसत पुसत इंजिन हातानं फिरवतो, मग अचानक ज्वारीच्या दाण्याएवढा चमकणारा ठिपका खिडकीत येतो. त्यावर पांढऱ्या रंगाचा थेंब लावायचा, टायमिंग लाइट धरायचा, आणि ठिपका खिडकीतल्या काट्यासमोर येईपर्यंत डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्लगांना करंट वाटणारा भाग, फिरवायचा. मालक समोर असतील तर लाइट आम्ही त्यांच्याच हातात देतो.

क्लचच्या कामाचं बिल जास्त येतं, त्याचं कारण आधीच सांगून ठेवतो. 1954 पर्यंतच्या अर्ध्या टनाच्या गाडीचा मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट बंद नळीत असतो, त्यामुळं गिअरबॉक्स काढायचा तर मागचा अख्खा एक्सल मागं सरकवावा लागतो. एका दिवसाचं काम नाही ते.

कागद

गाडी घ्यायच्या आधी आरसी बुक हातात घ्या. ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या खांबावरच्या पट्टीचा नंबर आणि इंजिन ब्लॉकवर डिस्ट्रिब्यूटरजवळचा नंबर, दोन्ही आरसीशी जुळवा, फोटो काढा. आणि नोंदणी कोणत्या वर्गात आहे ते बघा. व्हिंटेज नोंदणीचा नियम 2021 ला आला, 50 वर्षांवरच्या गाडीसाठी, नवीन नोंदणी 20,000 रुपये, 10 वर्षं मुदत, नूतनीकरण 5,000, नंबरात व्हीए ही अक्षरं. पण तो नियम दुचाकी आणि प्रवासी चारचाकीसाठी, म्हणजे एल-1, एल-2 आणि एम-1 वर्गासाठी लिहिलाय. पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेला असला तर तिथं अडतं. "व्हिंटेजमध्ये करून देतो" असं विकणारा म्हणाला तरी पैसे द्यायच्या आधी स्वतः आरटीओत जाऊन विचारा. शिवाय त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा ठरलेल्या कामांसाठीच, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला असला तर ती मिळत नाही. म्हणून इंजिन बदलायचा निर्णय घाईत घेऊ नका.

पत्रा आणि लाकूड सगळ्यात शेवटी. रंग चकचकीत असेल तर चुंबक घेऊन केबिनचे खालचे कोपरे तपासा, चिकटला नाही तर खाली पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी भरलीय. हौद्याचा तळ मुळात लाकडी फळ्यांचा, मध्ये लोखंडी पट्ट्या. आपल्याकडं बहुतेकांनी वर जाड पत्रा मारलाय. तो काढून सागवानाच्या फळ्या बसवल्या, तेल लावलं आणि मागचा फाळका खाली पाडून त्यावर चार माणसं बसली की गाडी पुन्हा आपली वाटते. फाळक्यावरची अक्षरं शाबूत असतील तर ती घासू नका, कितीही पुसट झालेली असली तरी.

पार्टसाठी आम्ही कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फिरतो, काही अमेरिकेतून मागवतो, आणि जे कुठंच मिळत नाही ते उद्यमनगरातच ओतून, लेथवर बनवून घेतो.

तपासणीची वेळ फोनवर घ्या, दोन अडीच तास लागतात, तुम्ही सोबत थांबलात तर उत्तम. आरसीची झेरॉक्स आणा, गाडीसोबत मिळालेले सुटे डबे, जुनी बिलं, गंजलेले बोल्ट, काहीच फेकू नका, सगळं आणा. आणि येताना गाडी ट्रेलरवरच आणा, त्या दिवशी सकाळी चालू करून बघू नका. थंड इंजिन लागताना जो आवाज करतं त्यातच अर्धं कळतं, तो आम्हाला ऐकायचाय.